खाते तिचे, एटीएम कार्ड कुणाकडे?

नवऱ्याच्या मारहाणीतून सावरणारी बाई पैशांच्या बाबतीत आपल्या पायावर उभी राहिली आहे का, हे ओळखायचे कसे? सरकारी अर्जाला उत्तर सोपे वाटते: बँकेत खाते आहे, महिन्याला काही उत्पन्न आहे. पण खाते तिच्या नावावर, त्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा आणि कार्डही त्याच्याच पाकिटात, अशी घरे कमी नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हा फरक आकड्यांत दिसतो. स्वतः वापरतो असे बँक खाते असल्याचे सुमारे ७९ टक्के स्त्रियांनी सांगितले. मात्र कसा खर्चायचा हे स्वतः ठरवता येईल असा पैसा हाती असल्याचे सांगणाऱ्या निघाल्या ५१ टक्के. त्याच पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी जवळपास २९ टक्के जणींनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे नोंदवले आहे.

म्हणून संशोधकांनी उत्पन्नापेक्षा ताब्याबद्दल विचारायला सुरुवात केली. अमेरिकेत २००८ मध्ये आर्थिक छळ मोजणारी २८ प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध झाली. नोकरी सोडायला लावले का, खर्चाच्या पावत्या आणि उरलेली मोड मागितली का, पैशाचे व्यवहार लपवून ठेवले का, असे तिचे प्रश्न. उत्तर नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ नसते, ‘कधीच नाही’पासून ‘बऱ्याचदा’पर्यंत असते. पुढे तिचे १२ प्रश्नांचे छोटे रूप आले. पैशावर पहारा, कामात आडकाठी आणि तिच्या नावावर लूट, असे तीन भाग त्यात वेगळे मोजता येतात.

मात्र ही मोजपट्टी जशीच्या तशी इकडे आणून चालत नाही. कामावर जाऊ नये म्हणून गाडीच्या चाव्या लपवणे हा तिथला प्रश्न. इथे विचारावे लागेल ते मोडलेल्या मंगळसूत्राबद्दल, बचत गटातून तिच्या नावावर उचललेल्या आणि नवऱ्याने उडवलेल्या कर्जाबद्दल. शिवाय इथे पैशाची सूत्रे अनेकदा सासूच्या हाती असतात. भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने आर्थिक छळाला हिंसाच मानले आहे, स्त्रीधनाची परस्पर विल्हेवाट लावणेही त्यात येते. प्रश्नावली त्या बाजूने बांधलेली बरी.

आणखी एक पेच आहे. हातात पैसा आला की मार थांबतो, असे गृहीत धरले जाते. बेंगळुरूच्या गरीब वस्त्यांतील विवाहित तरुणींचा दोन वर्षे मागोवा घेणाऱ्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटे दिसले: नव्याने कामाला लागलेल्या स्त्रियांना हिंसेचा धोका जास्त होता. याउलट दक्षिण आफ्रिकेतील लिम्पोपो प्रांतात छोट्या कर्जांना लिंगभेद आणि आरोग्य यांवरच्या प्रशिक्षणाची जोड दिली गेली. तिथे दोन वर्षांत जोडीदाराकडून होणारी हिंसा निम्म्याहून खाली आली. त्यामुळे पगार वाढला की नाही एवढ्यावर यश मोजणारी योजना अर्धेच चित्र पाहते. या पैशापायी घरात तिला काय भोगावे लागले, हेही त्याच कागदावर हवे.

हा कागद भरण्याची जागाही महत्त्वाची. नवरा बाकावर बसलेला असताना विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही, आणि प्रश्नावली घरी पाठवणे तर धोक्याचेच. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने रुग्णालयातच अशा स्त्रियांशी एकांतात बोलण्याची सोय केली. सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात लांब प्रश्नावलीला वेळ नसतो, हे खरेच. तिथे एक साधा प्रश्नही पुष्कळ सांगून जातो: पुढच्या तपासणीला यायचे झाले तर एसटीचे भाडे कुणाकडे मागावे लागेल? उत्तर देताना बाई अडखळली, तर औषधाच्या चिठ्ठीबरोबर तिला समुपदेशकाकडे नेऊन बसवावे. महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर तोंडीच सांगावा, चिठ्ठीवर लिहून देऊ नये.