जालन्याचा नाताळ आणि ३१८ वर्षांचा हिशेब

१९५८. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळू लागली ती या वर्षापासून. तोवर तिथल्या बहुतेक लोकांसाठी तो कामाचा दिवस होता. जालनेकरांनी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण इथला प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाज उभा राहिला तो स्कॉटलंडच्या चर्चशी जोडलेल्या मिशनमधून. ज्या चर्चमार्फत येशूची शिकवण इथल्या घरांत पोहोचली, त्या चर्चच्या मायदेशी येशूचा जन्मदिवस सण म्हणून पाळला जात नव्हता.

दुसरा आकडा १६४०. त्या वर्षी स्कॉटलंडच्या संसदेने नाताळची सुट्टी कायद्यानेच मोडीत काढली. १७१२ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा फिरवला, पण तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चचं मत फिरलं नाही. १६४० ते १९५८ ही ३१८ वर्षं होतात. या विरोधामागे अरसिकपणा होता असं म्हणून तो झटकून टाकता येणार नाही, त्यामागे विचार होता. ज्याला बायबलात आधार नाही तो सण पाळायचा नाही, वर्षाचे ५२ रविवार पुरेत, अशी त्यांची भूमिका होती.

आधार खरोखरच तुटपुंजा आहे. चार शुभवर्तमानांपैकी जन्मकथा सांगतात दोनच, मत्तय आणि लूक. मार्क आणि योहान तिकडे वळतही नाहीत. तारीख कुणीच देत नाही. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक किती होते हेही मत्तय सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी होत्या, म्हणून माणसं तीन धरली गेली. लूक गव्हाणीचा उल्लेख करतो, पण तिच्याशेजारचे बैल आणि गाढव त्याच्या मजकुरात नाहीत. इटलीतल्या ग्रेचो गावी १२२३ मध्ये संत फ्रान्सिसने खरी जनावरं आणि खरा चारा आणून देखावा उभा केला, आणि त्यानंतर गोठ्याच्या देखाव्याची प्रथा फोफावली. २५ डिसेंबर ही तारीख सापडते ती ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात, तीही ३३६ च्या सुमाराच्या एका जुन्या नोंदीच्या रूपाने. येशूनंतर तीनशे वर्षांनी!

अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, गोष्टही अशीच आहे. तिथे १८३१ मध्ये ठाण मांडणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची मातृसंस्था बोस्टनची, मॅसॅच्युसेट्सची. याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला आणि तो १६८१ पर्यंत टिकला. या मिशनचे पहिले दोन पाद्री, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला पोहोचले, तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळला सरकारी सुट्टी मिळायला अजून ४३ वर्षं बाकी होती.

या सगळ्या हिशेबात मला सर्वांत लक्षणीय वाटतं ते १८४३ हे साल. मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च वेगळं झालं. सप्टेंबरमध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागे मिशनमध्ये गेला, वडील कोर्टात गेले, मुलाचा ताबा वडिलांना मिळाला, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावं यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. मुंबई या प्रकरणाने ढवळून निघालेली असताना लंडनमध्ये हेन्री कोल नावाचा अधिकारी नाताळाच्या पत्रांना उत्तरं लिहिण्याचा ताप वाचवायला जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेत होता. मधोमध प्याले उंचावणारं कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारी माणसं. सुमारे हजार प्रती, किंमत एक शिलिंग. १९ डिसेंबरला डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ बाहेर पडली. आज जगभर जुना म्हणून ओळखला जाणारा नाताळचा थाट बऱ्याच अंशी याच काळात घडला. म्हणजे नाताळचं पहिलं छापील कार्ड आणि जालना मिशनचे संस्थापक नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा एकाच वयाचे आहेत.

नारायण शेषाद्री १८६०च्या दशकात जालन्याला आले. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता आणि गावाशेजारी १८२७ पासून लष्करी छावणी होती. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारकिर्दीत सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही वसाहत वसवली. तिथे आलेली कुटुंबं प्रामुख्याने गावकुसाबाहेरची होती. त्यांच्या दृष्टीने स्वतःची वस्ती आणि मुलांची शाळा यांचं मोल कोणत्याही सणापेक्षा मोठं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

सुट्टीच्या बाबतीत मात्र हिंदुस्थान स्कॉटलंडच्या पुढे निघाला. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम २५ मध्ये हुंड्या-वचनचिठ्ठ्यांच्या मुदतीसाठी सार्वजनिक सुट्ट्या ठरवल्या गेल्या आणि त्यांत नाताळ नावानिशी आला. निजामाच्या जालन्याला हा ब्रिटिश कायदा लागू नव्हता, पण मुंबईला होता. एडिनबरोच्या ७७ वर्षं आधी!

मराठीतली जन्मकथा तर त्याहून जुनी. १५७९ मध्ये गोव्याला आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. ओव्या अकरा हजारांच्या आसपास, भाषा मराठी, अक्षरं रोमन. स्कॉटलंडच्या बंदीच्या २४ वर्षं आधी बेथलेहेमची कथा ओवीत उतरली होती. ती परंपरा कॅथलिक, जालन्याची प्रेस्बिटेरियन. पण ख्रिस्ती कथा मराठी छंदात सांगायची वाट जुनी होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी त्याच वाटेने भजनं रचली, आणि ती ‘उपासना संगीत’मधून आजही चर्चमध्ये म्हटली जातात.

म्हणूनच मराठी ख्रिस्ती घरातला नाताळ स्कॉटलंडसारखा दिसत नाही. करंज्या, शंकरपाळे, चकल्या असा फराळ होतो. दाराशी चांदणीचा कंदील लागतो. जर्मनीतल्या नीस्की गावच्या मोरावियन पंथाच्या शाळेत १८३०च्या दशकात भूमितीच्या तासाला अशी चांदणी बनवली गेली. मूळ घनाकृतीला २६ बाजू, १८ चौकोन आणि ८ त्रिकोण. एक चौकोन टांगण्यासाठी मोकळा सोडला की २५ टोकं उरतात. आपल्याकडची चांदणी बहुधा पाच टोकांची, बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागदाची. दिवाळीचा आकाशकंदील जमणाऱ्याला तिचा सांगाडा बांधणं अवघड जात नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात १०,८०,०७३ ख्रिस्ती नोंदले गेले, लोकसंख्येच्या ०.९६ टक्के. त्यातले बरेचसे मुंबई-वसई-पुण्याकडचे. तेव्हा १९ लाख ५९ हजार वस्ती असलेल्या जालना जिल्ह्यातली संख्या त्या मानाने फारच लहान होती. त्याच्या कितीतरी आधी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन अशा वेगवेगळ्या परंपरा एका छताखाली आल्या. त्यांचा पहिला एकत्र नाताळ २६ दिवसांवर होता. स्कॉटलंडमध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवसाची सुट्टी सुरू व्हायला तेव्हा अजून चार वर्षं होती.