धोका, खतरा आणि जोखीम : व्यवहारात शब्द जपून वापरा

विजेच्या खांबावरील पाटीवर लाल अक्षरांत ‘धोका’ लिहिलेले असते. तेथे त्याचा अर्थ जिवाला भय. हाच शब्द आपण घरी दखनीत बोलतो तेव्हा मात्र अर्थ होतो फसवणूक. नांदेड-लातूरकडे आपल्या तोंडी दोन्ही भाषा असल्याने व्यवहारात यातून विनाकारण वितुष्ट येते. ‘या मालात धोका आहे’ असे एक भागीदार भाव पडण्याच्या भीतीने म्हणतो आणि दुसऱ्याला वाटते, आपल्या इमानावरच शंका घेतली!

‘खतरा’ मूळ अरबी ‘खतर’पासून आलेला. संकटासाठी तो ठीक. धंद्यासाठी नेमका शब्द ‘जोखीम’. नुकसानीचा संभव आणि त्याची जबाबदारी, दोन्ही अर्थ त्यात येतात. जवळच्या रोकड-दागिन्यांनाही जोखीमच म्हणतात. जुन्या पेढ्यांवर ‘जोखमी हुंडी’ चाले. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यावे लागत. माल वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. हुंडी आणि विमा एकाच कागदात!

शरीअतचा नियमही हाच : ज्याच्यावर जबाबदारी, त्याचाच नफा. मुजारबतमध्ये एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरल्या हिश्शाने वाटायचा. नुकसान झाले तर एकाचे भांडवल जाते, दुसऱ्याची मेहनत वाया जाते. मेहनत करणाऱ्याने हयगय वा लबाडी केली असेल तरच भरपाई त्याच्याकडे. म्हणजे जोखीम वेगळी आणि दगा वेगळा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने गावेच्या गावे जमीनदोस्त केली. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा आपत्तीत देणे थकले तर त्याला दगा म्हणता येत नाही. पण तोटा कोणी सोसायचा हे आधी ठरलेले नसेल, तर वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात.

म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंनो, सौद्याच्या वेळीच तीन गोष्टी लिहून ठेवा. लातूरहून नांदेडला निघालेली सोयाबीनची पोती वाटेत भिजली तर जोखीम कोणाची? कारागिराकडे दिलेला कच्चा माल जळाला तर कोणाची? भाव पडला तर कोणाची? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये (आयत २८२) आहेच. नातेवाईकाशी सौदा असला तरी लाजू नका. चार ओळींच्या कागदाने धंदाही टिकतो आणि नातेही.