प्रयोगशाळेतील हवा आणि कोळशाची गाळणी

प्रयोगशाळेत ॲसिटोन, टोल्युईन यांसारख्या द्रवांच्या बाटलीचे बूच काढताच त्यांची बाष्पे हवेत मिसळू लागतात. ती डोळ्यांस दिसत नाहीत. पण मुलांच्या श्वासावाटे शरीरात जातात. त्यांना धरून ठेवण्याचे काम कोळसा करू शकतो. १८५४ साली जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनज्ञाने कोळसा भरलेला मुखवटा तयार केला. पुढे १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, विषारी वायूंपासून बचावासाठी रशियाच्या निकोलाय झेलिन्स्की यांनीही कोळशाचाच आधार घेतला.

मात्र हा चुलीतला कोळसा नव्हे. नारळाच्या करवंट्या किंवा लाकूड प्रथम हवेवाचून भाजतात आणि मग सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णतेवर त्यावरून वाफ सोडतात. त्यायोगे त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅम कोळशाचे आतील क्षेत्रफळ सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे कबड्डीच्या जवळजवळ आठ मैदानांएवढे, भरते. स्पंज पाणी पोटात घेतो, तसे येथे होत नाही. गुळाच्या ढेपेवर माश्या बसाव्यात, तसे बाष्पाचे रेणू या पृष्ठभागास चिकटतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात.

पण ढेपेवर जागाच उरली नाही, तर नवी माशी बसणार कोठे? कोळसा भरला की बाष्पे पार निघून जातात. पंखा मात्र पूर्वीसारखाच फिरतो आणि कोळसाही पूर्वीसारखाच काळा दिसतो. वासावर विसंबावे, तर नाक वासाला लवकर सरावते. शिवाय अमोनिया व फॉर्माल्डिहाइड यांना साधा कोळसा नीट धरीत नाही. त्यांसाठी विशिष्ट रसायन चढविलेला कोळसा लागतो. कार्बन मोनॉक्साइड तर साध्या कोळशातून निसटतोच. दमट हवेत पाण्याची वाफही जागा अडविते.

म्हणून बाष्पे धुराड्यावाटे बाहेर टाकणारे कपाट आणि उघड्या खिडक्या यांची जागा ही गाळणी घेऊ शकत नाही. गाळणी बसविल्याची तारीख तिच्यावर लिहावी, वापराची नोंद वहीत ठेवावी व ठरल्या मुदतीत कोळसा बदलावा. यंत्र देणारा दाता मिळतो, त्याच्या नावाची पाटीही लागते. कोळसा बदलण्याच्या खर्चाला पाटी नसते. तरी प्रयोगशाळेस देणगी देताना हा खर्चही ट्रस्टने दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरावा, ही सभासदांस विनंती. मुलांच्या श्वासाचे रक्षण यंत्राच्या पेटीने होत नाही. वेळेवर बदललेल्या कोळशाने होते.