मृत्युनोंदींतून आरोग्यरक्षण

नगराच्या आरोग्यरक्षणात वैद्याइतकाच आकडेशास्त्रज्ञाचाही वाटा असतो, हे ज्यांच्या चरित्रावरून मला प्रथम उमगले, त्या विल्यम फार यांची ओळख आज आवर्जून करून देतो.

वैद्यकाचे शिक्षण घेतलेले फार १८३९ च्या सुमारास लंडनच्या जनरल रजिस्टर ऑफिसात रुजू झाले, आणि पुढील सुमारे चाळीस वर्षे, दफ्तरी दाखल होणाऱ्या मृत्युनोंदींच्या तपशिलातून, कोणत्या वस्तीत, कोणत्या वयाची माणसे, कोणत्या कारणाने दगावतात, याचा हिशेब त्यांनी निष्ठेने मांडला. १८४९ च्या पटकीच्या साथीत, थेम्सच्या पातळीपासून वस्ती जितकी उंच तितके मृत्यूचे प्रमाण कमी, असे त्यांना आढळले आणि त्याचा संबंध त्यांनी दूषित हवेशी जोडला. परंतु १८५४ साली वैद्य जॉन स्नो पटकीच्या संदर्भात पाणीपुरवठ्याचा शोध घेऊ लागले, तेव्हा मृतांचे पत्ते त्यांना फार यांच्याच कचेरीतून मिळाले, आणि १८६६ च्या साथीत तर स्वतः फार यांनीच, आकड्यांच्या आधारे, ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या पाण्याकडे बोट दाखविले.

स्वमतापेक्षा पुराव्यास श्रेष्ठ मानणारी ही वृत्ती हेच आरोग्यविषयक आकडेशास्त्राच्या व्यवसायाचे खरे भांडवल होय. म्हणून ज्या तरुणांच्या ठायी गणिताची आवड आणि समाजाची कळकळ एकत्र नांदतात, त्यांनी महानगरपालिकांच्या आरोग्य खात्यांकडे अवश्य वळावे.