भारताचा किनारा नेमका किती लांब? फ्रॅक्टल भूमितीचे उत्तर

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी ११,०९८.८१ किलोमीटर अशी नोंदवलेली आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत घोकलेला आकडा ७,५१६ किलोमीटरचा होता. मधल्या काळात देशाची भूमी काही दीडपट झालेली नाही. तरीही गुजरातचा किनारा १,२१४ किलोमीटरवरून २,३४० वर गेला, तर पश्चिम बंगालचा १५७ वरून थेट ७२१ वर. महाराष्ट्राच्या भूगोलाच्या पुस्तकांतून ७२० किलोमीटर म्हणून परिचित असलेला आपला कोकणकिनाराही आता सुमारे ८७८ किलोमीटर भरतो.

जुनी मोजणी चुकीची होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो रास्त नाही. जुना आकडा १:४५,००,००० या प्रमाणाच्या नकाशावरून काढलेला होता, नवा १:२,५०,००० प्रमाणाच्या. म्हणजे नकाशा अठरा पट बारकाईचा झाला. पहिल्या नकाशावर दाभोळची किंवा जयगडची खाडी ही रेषेतली जेमतेम एक खाच असते. दुसऱ्यावर तिचे दोन्ही काठ, वळणे, आतले फाटे दिसू लागतात आणि ते सर्व मोजणीत येतात. शंभर किलोमीटरची पट्टी घेऊन कोकण मोजणारा माणूस खाड्या ओलांडून जाईल. एक किलोमीटरची पट्टी घेणाऱ्याला प्रत्येक खाडीत शिरून बाहेर यावे लागेल. आणि जो हातभर काठी घेऊन निघेल, त्याला प्रत्येक कातळाला वळसा घालावा लागेल. प्रत्येकाचे उत्तर वेगळे, आणि प्रत्येकाचे प्रामाणिक.

या कोड्याकडे प्रथम गांभीर्याने पाहिले ते लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. गणिताने हवामानाचे भाकीत करता येईल, हे १९२२ मध्येच ग्रंथरूपाने मांडणारा हा क्वेकर पंथीय गृहस्थ पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवत असे. पुढे त्याने युद्धांच्या कारणांचा संख्याशास्त्रीय अभ्यास हाती घेतला. दोन देशांमधील सामाईक सीमेची लांबी आणि त्यांच्यातील युद्धाची शक्यता यांचा काही संबंध आहे काय, हे त्याला तपासायचे होते. त्यासाठी सीमांच्या लांबीचे आकडे जमवताना त्याच्या ध्यानात आले की, स्पेन आणि पोर्तुगाल यांची एकच सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर होती, तर दुसऱ्या ठिकाणी १,२१४. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या सीमेचेही तसेच: ३८० आणि ४४९. रिचर्डसनने नकाशांवर स्वतः मोजमापे घेतली. पट्टी जसजशी लहान होते तसतशी लांबी वाढते, आणि ती वाढ एका ठरावीक नियमाने होते, असे त्याला आढळले. त्याचे हे टिपण १९६१ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर आठ वर्षांनी, छापले गेले.

ते बेन्वा मँडेलब्रॉच्या दृष्टीस पडले. वॉर्सॉत जन्मलेला, फ्रान्समध्ये वाढलेला हा गणिती तेव्हा अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन विभागात होता. १९६७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याने ब्रिटनचा किनारा किती लांब आहे, असा वरकरणी बाळबोध प्रश्न विचारणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की, लांबी हा इथे प्रश्नच गैरलागू आहे. किनाऱ्याचा स्थायी गुणधर्म लांबी नसून वाकडेपणा आहे आणि तो मोजायला ‘मिती’ ही कल्पना वापरता येते.

मितीची ही नवी व्याख्या समजायला सोपी आहे. एक रेषाखंड घेऊन त्याचे तिप्पट आकाराचे रूप काढले, तर त्यात मूळ रेषाखंड तीन वेळा बसतो. तीनचा पहिला घात, म्हणून मिती १. चौरस तिप्पट मोठा केला तर त्यात मूळ चौरस नऊ वेळा बसतो. तीनचा दुसरा घात, मिती २. आता हेल्गे फॉन कॉख या स्वीडिश गणितज्ञाने १९०४ मध्ये मांडलेली वक्ररेषा पाहू. रेषेचे तीन समान भाग करा, मधला काढून त्या जागी समभुज त्रिकोणाच्या दोन बाजू उभ्या करा, आणि नव्या प्रत्येक तुकड्यावर हीच कृती अखंड करत राहा. ही आकृती तिप्पट मोठी केली की तिच्यात मूळ आकृती चार वेळा बसते. तीनचा कितवा घात चार होतो? साधारण १.२६ वा. रेषेपेक्षा अधिक, पृष्ठापेक्षा कमी. हीच कृती त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर केली तर परिमिती अमर्याद वाढते, मात्र आतले क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाच्या १.६ पटीपुढे जात नाही. अशा आकृत्यांना मँडेलब्रॉने १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. लॅटिनमधील ‘भंगलेला’ या अर्थाच्या शब्दावरून.

रिचर्डसनच्या मोजमापांवरून ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिती १.२५ येते, दक्षिण आफ्रिकेच्या सरळसोट किनाऱ्याची १.०२, ऑस्ट्रेलियाची १.१३. भारताचे काय? दोन सरकारी आकड्यांवरून ढोबळ हिशेब मांडता येतो. नकाशा अठरा पट बारीक झाला आणि लांबी १.४८ पट झाली. यावरून मिती सुमारे १.१३ निघते. अर्थात दोनच बिंदूंवर बेतलेला हा अंदाज आहे, शिवाय खाड्या व नदीमुखे मोजण्याची पद्धतही बदलली आहे, त्यामुळे त्याला कागदाच्या पाठीवरच्या गणिताएवढेच मोल द्यावे. पण बंगालची लांबी साडेचार पटींहून अधिक का वाढली, हे सुंदरबनचा नकाशा डोळ्यांपुढे आणला की उमगते.

निसर्गात अशा रचना विपुल आहेत. फ्लॉवरचा तुरा मोडून पाहावा. तो अख्ख्या गड्ड्याचीच लहान प्रत असतो. आपल्या फुप्फुसात श्वासनलिका सुमारे २३ वेळा दुभंगत जाते आणि म्हणूनच छातीच्या पिंजऱ्यात सुमारे ७० चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. जनुकांना प्रत्येक फांदीचा आराखडा साठवावा लागत नाही. ‘दुभंगा आणि पुन्हा तेच करा’ अशा स्वरूपाचे मोजके नियम बरेचसे काम करून जातात. मात्र गणितातील फ्रॅक्टल अंतहीन असतो, निसर्गातील नाही. फुप्फुस २३ व्या पायरीच्या आसपास थांबते, फ्लॉवर पाच-सहा पायऱ्यांत. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या शिखरावरही लहान शिखरांच्या ओळी आहेत. त्यावरून प्राचीन स्थपतींना फ्रॅक्टल भूमिती ज्ञात होती, असे संदेश समाजमाध्यमांवर फिरतात. शिखरात शिखर बसवण्याची त्यांची दृष्टी थोर होती, पण मितीचे गणित ही निराळी गोष्ट आहे.

किनाऱ्याच्या बाबतीत हा भेद केवळ पंडिती राहत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास करून मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भागाची धूप होत असल्याचे म्हटले आहे. त्यांनी धरलेली लांबी होती ६,९०७.१८ किलोमीटर, म्हणजे धूप सुमारे २,३२० किलोमीटरची. हीच टक्केवारी कोणी उद्या ११,०९८ ला लावली तर उत्तर ३,७२९ येईल. त्या आकड्यात बेटेही धरलेली आहेत आणि पट्टीही वेगळी आहे. तरी कागदावर मात्र १,४०० किलोमीटर किनारा नव्याने खचल्याचे दिसेल.