मलमापलीकडचे इसब

मला इसब आहे, त्याला आता २० वर्षे होत आली. या काळात अनेक शहरांतील डॉक्टरांनी माझी त्वचा तपासली. रात्री झोप लागते का, मन उदास असते का, हे मात्र एकानेही विचारले नाही. दोष आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या रचनेत आहे.

इसबाची खाज रात्री बळावते व झोप मोडते. अपुऱ्या झोपेने चिंता वाढते आणि चिंतेने पुन्हा खाज. त्यात हा रोग संसर्गजन्य नसतानाही शेजारचा प्रवासी सरकून बसतो. प्रौढ इसबरुग्णांत चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा अधिक आढळते, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे.

आपल्याकडे साधने आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारांना विम्यात शारीरिक आजारांच्या बरोबरीचे स्थान दिले. २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे. त्वचारोग विभागातून तेथवर जाणारी वाट तेवढी आखलेली नाही.

गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न होते का? नेहमीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? हे दोन प्रश्न त्वचारोगाच्या प्रत्येक केसपेपरवर छापावेत. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णाला समुपदेशकाकडे पाठवावे आणि मलमाच्या चिठ्ठीवरच १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक लिहून द्यावा. याला नवा कायदा लागत नाही. एक शासकीय परिपत्रक पुरे.