तलवार न उपसलेली राणी

मैत्रिणींनो, शहापुरातून भंडाऱ्याला जा नाहीतर नागपूरला, वाटेतला सगळा मुलूख एकेकाळी भोसल्यांचाच. पण आमच्या घरात त्यांच्या बाकाबाईचं नाव निघालं ते लेकीच्या अभ्यासामुळे. ती इंग्लंडच्या मार्गारेट राणीबद्दल वाचत होती. नवरा, राजा सहावा हेन्री, १४५३ मध्ये भ्रमिष्ट झाला. गादीसाठी भाऊबंदकी पेटली, राणी सैन्य घेऊन झुंजली आणि १४७१ मध्ये एकुलता एक मुलगा रणात गमावून बसली.

"आई, आपल्याकडे होती का गं अशी कोणी?"

होती की! नागपूरचे दुसरे रघूजी १८१६ मध्ये वारले. गादीवर आलेला मुलगा परसोजी तना-मनाने दुबळा. सावत्र आई बाकाबाईंनी सूत्रं हाती घेतली, पण पुतण्या आप्पासाहेबांनी ती हिसकावली. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी मृत सापडले; त्यांची पत्नी काशीबाई सती गेली. नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब इंग्रजांपुढे हरले, पुढच्या वर्षी गादीवरून गेले. मग रघूजींच्या मुलीचा लहानगा मुलगा तिसरे रघूजी म्हणून बसला. पालक बाकाबाई, पण कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती.

हा रघूजीही १८५३ मध्ये मुलगा नसताना गेला. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, राजघराण्याचे दागिने लिलावात निघाले. आणि तरीही १८५७ च्या उठावात म्हाताऱ्या बाकाबाई इंग्रजांच्या बाजूने राहिल्या!

"म्हणजे घाबरट!" लेक फणकारली. खरं सांगू? मलाही तसंच वाटलं. झाशीच्या राणीपुढे ही काय!

तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "मंग का करन ते बाई? घरातले लेकरं कोन पाहन?"

मी गप्पच झाले. मामंजी गेले तेव्हा वाटणीत दिरांनी धानाची चांगली बांधी घेतली. सासूबाईंनी मुकाट्याने अंगठा दिला. सगळं गाव हसलं, मीही मनातून चिडले होते. पण राहतं घर तेवढं त्यांनी सोडलं नाही. आज त्याच घराच्या ओसरीवर माझी लेक अभ्यास करते.

बाकाबाई १८५८ मध्ये वारल्या. राज्य काही परत आलं नाही. पण घराण्याने दत्तक घेतलेल्या जानोजींना पुढे इंग्रजांनी मान्यता दिली, देऊरचे राजेबहादूर केलं. वंश टिकला. तिने केलं ते बरोबर होतं, असं मी अजूनही म्हणणार नाही. त्या उठावात जीव देणाऱ्यांना ते कसं पटावं?

पण बाईने तलवार उपसली नाही म्हणजे ती लढलीच नाही, असं मात्र आता मला म्हणवत नाही. त्या दिवशी सासूबाईंच्या हातातलं सूप मी घेतलं. म्हटलं, "आई, द्या इकडे. उरलेले मी निवडते."